म्हैसांगच्या पुलापर्यंत

गाडी शाळेच्या कोपऱ्यावर बंद पडली तेव्हा खुशालराव ओट्यावर दाढी करत बसले होते. आरशातली नजर न काढता त्यांनी वस्तरा थांबवला, ऐकलं, आणि पुन्हा गालावर फिरवला. आवाज आधी बारीक झाला होता, मग दोन आचके, मग काहीच नाही. थोरला लेक श्याम घरचा ट्रक घेऊन येत होता, आणि घर चारशे पावलांवर होतं. या हंगामातली ही चौथी वेळ.

आत दुर्गाबाईंनीही ऐकलं. तव्यावरची भाकर उलटायची राहिली आणि एका बाजूनं करपली. धाकटा लेक श्रावण चहा पीत होता. 

काल संध्याकाळी तो अकोल्याहून आला होता ते दोन गोष्टी खिशात घेऊन. एक, महादेवराव नावाच्या भंगारवाल्याचा फोन नंबर. जुनी गाडी खोलून पत्रा वेगळा, इंजिन वेगळं असं विकणारा माणूस. दुसरी, गुजरातेतल्या एका कंटेनर कंपनीचा फॉर्म. तिथे ड्रायव्हर हवे होते. चार महिने गाडीवर, मग पंधरा दिवस घरी. फॉर्मवर मोठ्या भावाचं, श्यामचं, नाव श्रावणनं आपल्या सुबक अक्षरात लिहूनही आणलं होतं. सही तेवढी बाकी होती.

श्रावण मनाचा वाईट नव्हता. त्याला दिसत होतं ते तो बोलत होता. गेली दोन-तीन वर्षं गावात पांढऱ्या गाड्यांतून सर्वेची माणसं यायची, पीक कसं, भाव काय, घरात कोण कोण, असं विचारून लिहून न्यायची, आणि पुढच्या गावाला जायची. कापूस पिकत होता तेवढाच पिकत होता, पण गाडी भाड्यानं सांगायला येणारे मात्र कमी झाले होते. जे यायचे ते आधी विचारायचे, पोचते ना? खरेदी केंद्रावर नंबर लागलेला असतो. गाडी रस्त्यात थांबली, नंबर गेला, की माणूस तीन दिवस कापसावर झोपतो. थांबणाऱ्या गाडीत कापूस कोण भरणार?

काल जेवताना दुर्गाबाई धाकट्याच्या बाजूनं बोलल्या होत्या. विकून टाका म्हणाल्या.  श्याम ताटातल्या वरणात बोट फिरवत राहिला. श्यामची बायको पौर्णिमा लेकीला पदराखाली घेऊन भिंतीशी बसली होती आणि मनातल्या मनात हिशेब करत होती, तो दिवसांचा. चतुरा आज नऊ महिन्यांची. चार महिन्यांनी तेरा. तोवर ती चालायला लागेल. बापाच्या अंगाचा वास, तो डिझेलचा आणि लाल साबणाचा, तोवर ती विसरून जाईल. पंधरा दिवसांत पुन्हा ओळखेल, आणि ओळखलं की तो परत जाईल.

 बोलायला ते फार लहान वाटत होतं.

*

बशीर मिस्त्री दर्यापूरहून काळीपिवळी जीपमध्ये बसून आले तेव्हा दहा वाजले होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले, त्यावर काळा चष्मा. ही गाडी त्यांच्या हातून चार वेळा खोलली गेली होती. खुशालराव स्वतः गाडी चालवायचे तेव्हापासून या घरात त्यांचा कप वेगळ्या खिळ्याला नाही, सगळ्यांच्याच फळीवर होता, आणि तो तिथं ठेवणारी खुशालरावांची आई, चतुराबाई, आता राहिली नव्हती. तिचंच नाव नातवाच्या लेकीला ठेवलं होतं, म्हणजे पौर्णिमाच्या बाळीला.

श्यामनं लिंबाखालची खाट उचलून थेट शाळेच्या कोपऱ्यावर नेली. मिस्त्री तिच्यावर बसले, गाडीकडे पाठ करून.

"मले दिसत नाई, म्हणून मी पाहात नाई," ते म्हणाले. "तू पाह्य, मी इचारतो. पाना कोनी हातात घ्याचा नाई तोवर."

ही त्यांची जुनी रीत होती. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं पाहून 'पाहिलं' म्हणायचं, आणि न पाहता 'पाहिलं' म्हणणाऱ्याला चहा नाही. आधी टाकी. काटा खोटं बोलतो, म्हणून काडी घालून पाहायचं. श्यामनं टाकीचं झाकण उघडलं, तुरीची काडी आत सोडली, बाहेर काढून वास घेतला. डिझेल अर्ध्याच्या वर. त्यानं झाकण लावलं, त्यावरचं फडकं होतं तसं बांधलं, आणि म्हणाला, पाहिलं.

मग बॅटरीच्या तारा, ढिल्या आहेत का, पांढरी बुरशी धरली का. मग तेलाची पट्टी. मग पाणी. मग हवेचा फिल्टर. या काळ्या मातीच्या मुलखात तो आठ दिवसांत कोंदतो, आणि जिनिंगच्या गिरणीसमोर गाडी उभी असली की त्यात कापसाची फुलंही अडकतात. श्यामनं तो परवाच झटकला होता. मग सेल्फ मारून धुराचा रंग. काळा की पांढरा, मिस्त्रींनी विचारलं. आधी काहीच नव्हता. मग, तिसऱ्या वेळी, पांढरा पुंजका आला.

"धूर नाई म्हंजे डिझेल पोचलं नव्हतं. आता पोचून राहिलं. हवा धरली होती हिनं."

फिल्टरवरचा नट सैल करून श्याम हातपंप मारत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग एकसंध धार. नट आवळला. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेली दोन म्हातारी माणसं उगाचच हसली.

श्रावण हसला नाही. त्यानं शांतपणे सांगितलं की मागच्या तिन्ही वेळी हेच झालं होतं. मूर्तिजापूरच्या मिस्त्रीनं हवा काढली, चालू झाली. अकोल्याच्या मिस्त्रीनं पंपाचा वॉल्व्ह बदलला, चालू झाली. सगळ्यांच्या हातून चालू होते आणि दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा बसते. त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून मिस्त्रींना लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच पुन्हा घातला.

तेव्हा मागे येऊन उभे राहिलेले खुशालराव बोलले. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती.

"म्हैसांगच्या पुलापर्यंत जाची आन् न थांबता परत याची. आली तं गाडी आपली. थांबली तं श्रावण सांजच्याले महादेवरावले फोन करन. मंग मले कोनी काही इचारू नोका."

*

पूल गावापासून अकरा किलोमीटर. दोघे भाऊ गेले. श्रावण मुद्दाम सोबत बसला. नंतर कोणी म्हणायला नको की पाहिलं नाही.

खूप दिवसांनी तो भावाच्या शेजारी केबिनमध्ये बसला होता. लहानपणी याच सीटवर, बापाच्या आणि भावाच्या मध्ये, पाय गियरला लागू नयेत म्हणून मांडी घालून तो बसायचा. श्याम गियर बदलताना अजूनही डावा कोपर आत घेत होता, तिथे जणू कोणी बसलंय अशा बेतानं. श्रावणनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. हरभरा घाट्यावर आला होता. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिलेल्या. दूर पूर्णेच्या पुलाचे कठडे दिसले, आणि त्याच वेळी पायाखालची थरथर बारीक झाली.

श्यामनं गाडी बाजूला घेतली. दोन आचके, मग काही नाही.

"माहं काही म्हननं नाई," तो म्हणाला. "देतो मी सही."

श्रावणला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. ते दोघं बांधावर बसले, कोणाच्या तरी शेतातला हरभरा सोलून खाल्ला. अर्ध्या तासानं श्यामनं सहज सेल्फ मारला तर गाडी कुरकुरत चालू झाली, कोणी हात न लावता. पुलापर्यंत न जाता ते तिथूनच मागे फिरले. आणि घराच्या फाटकात पुढची चाकं आत, मागची बाहेर, अशी ती पुन्हा थांबली.

*

दुर्गाबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. कोणी उठलं नाही. मिस्त्री लिंबाखाली, खुशालराव ओट्यावर, श्याम गाडीच्या पायरीवर. दुर्गाबाईंना वाटलं, आता कोणीतरी रडेल तर बरं. त्या स्वतः रडू शकत नव्हत्या, कारण विका म्हणणाऱ्यांत त्याही होत्या. गेल्या पावसाळ्यात श्यामच्या वयाच्या एका ड्रायव्हरचं प्रेत बाळापूरच्या वळणावरून आणलं तेव्हापासून गाडीचा आवाज दूर गेला की त्या हातातलं काम टाकून फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. कंपनीची गाडी मोठी असते, नवी असते, तिला काही होत नसतं, असं श्रावण म्हणाला आणि त्यांनी ते धरून ठेवलं होतं. लेक दूर जाईल, पण राहील.

पौर्णिमा उंबऱ्यात चतुराला पाणी पाजत होती. नवी प्लास्टिकची बाटली, रबरी बोंडीची. बाळी चोखत होती, चोखत होती, आणि मग चिडून हातपाय झाडायला लागली. पाणी बाटलीत होतं. बोंडी मात्र आत ओढली जाऊन चपटी झाली होती. पौर्णिमानं सवयीनं बाटलीचं फिरकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं. आत हवा गेल्याचा बारीक आवाज झाला, एक मोठा बुडबुडा वर आला, बोंडी फुगली, आणि बाळी पुन्हा चोखायला लागली.

हे ती दिवसातून चार वेळा करायची. या वेळी तिचा हात बाटलीवरच राहिला.

तिचे वडील बुधाजी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला पाने देत ती मोठी झाली होती, पण या घरात तिनं कधी पान्याला हात लावला नव्हता; तशी वेळच आली नव्हती. ती बाळीला कडेवर घेऊन लिंबाखाली आली आणि मिस्त्रींच्या खाटेपाशी खाली बसली.

"चाचा, तुमी बिमारी केव्हापासून हाये ते इचारलंच नाई."

मिस्त्रींनी मान वळवली. खरंच विचारलं नव्हतं. ते श्यामकडे वळून बोलले, पण श्यामला तारीख आठवेना. दिवाळीनंतर म्हणाला. श्रावण म्हणाला, त्याहीनंतर.

"चतुराले पयला दात आला त्या दिवशी पयल्यांदा बंद पडली," पौर्णिमा म्हणाली. "हे रात्रभर आले नाईत, आन् मी दात दाखवाले जागी बसली होती. त्याच्या चार दिवसांआधी आपल्या वावरात सीतादही केली होती."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. शेतात दहीभात शिंपायचा, आणि पहिल्या फुटलेल्या बोंडाचा कापूस घरी आणायचा. तो कापूस, हळदकुंकू लावून, घरात जिथं जिथं अन्न तोंडात जातं तिथं ठेवायचा. कणगीच्या तोंडाला, जात्याच्या तोंडाला, विहिरीच्या काठाला. ही चतुराबाईंची रीत. त्या गेल्यावर दुर्गाबाईंनी ती चालवली, आणि यंदा, पहिल्यांदाच, त्यांनी एक जागा वाढवली होती.

पौर्णिमा हे सगळं बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "चाचा, या येळी टाकी पयले पाहू नका. शेवटी पाहू. चालते?"

मिस्त्री खाटेवर सरळ बसले. चाळीस वर्षं टाकी आधी पाहत आलेला माणूस. मग त्यांनी श्यामला नट सैल करायला सांगितलं. श्याम हातपंप मारायला लागला. धार आली नाही. फेसही आला नाही. पंपाची दांडी वर ओढली की कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी जड यायची आणि झपकन खाली जायची. मिस्त्री खाटेवरून उठले, चाचपडत आले, दांडीवर स्वतःचा हात ठेवला. दोनदा ओढून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं.

"आता टाकी खोल," ते म्हणाले. "हळू. आन् सारे चूप बसा."

श्यामनं फडक्याची गाठ सोडली. झाकण फिरवलं. टाकीनं एक लांब श्वास आत घेतला. फाटकापासून ओट्यापर्यंत सगळ्यांना तो ऐकू आला. आणि तिकडे नटाच्या तोंडातून, कोणी पंप मारत नसताना, एक थेंब, मग बुडबुड्यांची माळ, मग डिझेल.

मिस्त्री हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत.

"आमी सारे मिस्त्रीच दर येळी इच्या तोंडात हवा भरून देत होतो बाप्पा. टाकी आधी, टाकी आधी. उघडली की बरी होते, बंद केली की बिमार. झाकनाले सुईएवढं भोक असते, शाम्या, हवा घ्याले. ते कोनं बुजवलं?"

श्यामच्या हातात फडकं होतं. लाल खणाची चिंधी, तिच्या आत युरियाच्या पोत्यातलं प्लास्टिक, धूळ लागू नये म्हणून, आणि त्याच्या आत चपटा झालेला, डिझेलनं पिवळा पडलेला कापूस, कुंकवाचा डाग अजून असलेला. डिझेल भरलं की दर वेळी त्यानं ते होतं तसं, सात वेढे घालून, घट्ट बांधलं होतं. मायनं बांधलेलं होतं म्हणून.

त्यानं ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. सांगायची गरजही नव्हती. श्रावणनं आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मूर्तिजापूरचा मिस्त्री, वॉल्व्ह, अकोल्याचे हेलपाटे, रस्त्यात गेलेल्या रात्री, ते सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. दुर्गाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत. त्यांना कळलं होतं. ज्या हातानं लेक घरी सुखरूप यावा म्हणून बांधलं, त्याच हातानं त्याला वारंवार रस्त्यात उभं केलं होतं.

पौर्णिमा उठली. तिनं श्यामच्या हातातलं फडकं घेतलं नाही. बाळीला श्रावणच्या हातात दिलं, सरळ, न विचारता, आणि मूल हातात आलं की माणसाला तोंड मिटावंच लागतं. मग ती सासूपाशी गेली.

"आई, चला ना. ते कुठं बांधाचं ते तुमीच सांगा. आमाले नाई समजत."

दुर्गाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. सून त्यांना रागावत नव्हती, समजूतही काढत नव्हती. खरंच विचारत होती.

"मले काय माहीत, माय," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मले वाटलं गाडीचं तोंड तेच."

"तोंड तेच हाये वैनी," मिस्त्री म्हणाले. "पन तुमी नाक बी बांधलं."

खुशालराव ओट्यावरून उतरले. गाडी फाटकात थांबल्यापासून ते प्रथमच उतरले होते. त्यांनी श्यामच्या हातातून तो कापूस घेतला, चिंधीतून, प्लास्टिकमधून मोकळा केला, फुंकर मारून थोडा फुलवला, आणि बायकोच्या हातावर ठेवला.

"तू बसून जाय," ते म्हणाले. "पुलापर्यंत. हातातच धर."

*

तीस वर्षांत दुर्गाबाई या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. पायरी उंच होती. श्यामनं वरून हात दिला, मिस्त्रींनी खालून, दिसत नसताना, पाऊल पायरीवर ठेवून दिलं. मध्ये पौर्णिमा, तिच्या मांडीवर चतुरा. श्रावण मागे हौद्यात उभा राहिला. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही, नुसता चढला.

उंचावरून रस्ता वेगळाच दिसत होता. दुर्गाबाईंना वाटलं होतं, भीती वाटेल. त्याऐवजी त्या पाहत राहिल्या, लेक पायानं काय करतो, हातानं काय करतो. समोरून एसटी आली तेव्हा तो किती आधीपासून हळू झाला. बैलगाडीला त्यानं हॉर्न न वाजवता कशी वाट दिली. कोणीतरी मधे बसलेलं असल्यासारखा कोपर आत घेऊन तो गियर बदलत होता. आता मधे खरंच कोणीतरी बसलेलं होतं.

सातवा किलोमीटर गेला. दहावा. बांधावरच्या हरभऱ्याच्या टरफलांपाशी गाडी बारीक झाली नाही. पुलाचे कठडे जवळ आले, मोठे झाले, आणि दोन्ही बाजूंनी मागे पडायला लागले. खाली पूर्णेत पाणी थोडं होतं. वाळूत टरबुजांच्या वाड्या घातलेल्या.

पलीकडे श्यामनं गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं.

दुर्गाबाईंची मूठ आवळली. "काहून बंद केली?"

"माय, चालूच ठेवली तं समजन कसं, पुन्हा सुरू होते का ते?"

 वारा होता. चतुरा आजीच्या मुठीतून डोकावणारा कापूस ओढत होती, चिमटीत येईल तेवढा. दुर्गाबाईंनी मूठ सैल केली.

"कर मंग चालू," त्या म्हणाल्या. "घरी बशीरभाऊ उपाशी हाये."

श्यामनं चावी फिरवली. मागे हौद्यात श्रावणनं खिशातला कंपनीचा कागद काढला होता, तो नीट चार घड्या करून पुन्हा खिशात ठेवत होता, तेवढ्यात पायाखालची फळी थरथरली, आणि तोल जाऊ नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी केबिन धरावी लागली. कागद वाऱ्यावर गेला. तो त्याच्याकडे पाहत राहिला, पुलावरून खाली जाईपर्यंत. थांब म्हणून पत्र्यावर थाप मात्र त्यानं मारली नाही.